संगीत घेऊन बी.ए. : पदवी काय मागते?

बारावीचा निकाल लागला, की बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर अशा आपल्या गावांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. घरातल्या मुलीचा गळा चांगला आहे, किंवा मुलगा मंदिरातल्या भजनात तबल्याची साथ करतो. तर मग संगीत घेऊन बी.ए. करावे काय? प्रश्नापाठोपाठ तीन उत्तरेही ऐकू येतात. कोणी म्हणतो, विषय सोपा आहे, दोन गाणी म्हटली की गुण मिळाले. कोणी म्हणतो, मुलगी विशारद होणारच आहे, मग बी.ए.चा निराळा खटाटोप कशाला? आणि कोणी मोठ्या उत्साहाने सांगतो, तीन वर्षांत मुलगी गायिका होऊन बाहेर पडेल. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर घेतलेला प्रवेश फार महाग पडतो. पैशाने तितका नव्हे, जितका वयाच्या तीन वर्षांनी. म्हणून ही पदवी विद्यार्थ्याकडून काय मागते आणि त्याच्या पदरात काय टाकते, याचा नीट हिशेब आज मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे आधीच थोडक्यात सांगून टाकतो. कला शाखेची संगीतातली पदवी तीन गोष्टी मागते. पहिली, गळ्याची किंवा हाताची प्रत्यक्ष तयारी. दुसरी, संगीताचे शास्त्र. आणि तिसरी, संगीताबाहेरचे सर्वसाधारण शिक्षण. चौथी एक गोष्ट आहे, तिचे नाव रियाज. तिला पदवीच्या कागदावर कोठेच रकाना नाही. परंतु तिच्यावाचून पहिल्या तिन्ही गोष्टी पोकळ राहतात. या चारही गोष्टी ज्याला आधी कळल्या, त्याने खुशाल प्रवेश घ्यावा. ज्याला त्यातली एकच दिसते, त्याने थोडे थांबावे.

प्रथम विशारद आणि बी.ए. यांचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे संगीतशिक्षणाचे दोन प्रवाह आहेत आणि ते वेगवेगळ्या उगमांतून आलेले आहेत. पूर्वी गाणे शिकावयाचे म्हणजे उस्तादाच्या घरी राहावयाचे, सेवा करावयाची आणि त्याची मर्जी होईल तेव्हा त्याच्या तोंडून काही पडेल ते टिपावयाचे. कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेल्या पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी ही कोंडी फोडली. त्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शाळेसारखे शिकविण्यास आरंभ केला. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, परीक्षा, सारे काही. १९३१ साली ते निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही जी शिडी आपल्या परिचयाची आहे, ती या मंडळाची. गावोगावच्या केंद्रांवर तिच्या परीक्षा होतात. शाळकरी मूल, नोकरदार माणूस, संसारातली स्त्री, कोणीही आपापल्या सवडीने ती चढू शकतो. हे तिचे मोठेपण आहे. परंतु ती फक्त संगीताची परीक्षा आहे. तिच्यात भाषा नाही, इतिहास नाही, अर्थशास्त्र नाही. म्हणून विशारद झालेला माणूस संगीताचा जाणकार असेल, पण जेथे ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ अशी अट असते, तेथे निव्वळ विशारदच्या जोरावर आपला हक्क चालेल असे त्याने गृहीत धरू नये.

दुसरा प्रवाह विद्यापीठांचा. त्याच्या मुळाशी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे काम आहे. भातखंडे हे बी.ए., एल्एल्.बी. झालेले मुंबईचे वकील. साक्षीपुरावे तपासावेत त्याप्रमाणे त्यांनी संगीत तपासले. हिंदुस्थानभर प्रवास केला, १९०४ साली दक्षिणेची वारी करून तेथील पंडितांशी चर्चा केली, घराणेदार गवयांकडून शेकडो चिजा मिळवून स्वरलिपीत उतरविल्या, जुने संस्कृत ग्रंथ शोधले आणि गवई प्रत्यक्ष गातात ते ग्रंथांशी ताडून पाहिले. या साऱ्यातून दहा थाटांची मांडणी, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठीतला मोठा ग्रंथ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग तयार झाले. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली आणि १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज उघडले गेले. त्या संस्थेला पुढे भातखंडे यांचेच नाव मिळाले. संगीत हा विचार करण्याचा, वाचण्याचा आणि तपासण्याचा विषय आहे, हे त्यांनी सिद्ध केले, आणि म्हणूनच संगीताला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या शेजारी बसता आले.

आपल्या वऱ्हाडाचा या इतिहासाशी एक मौजेचा संबंध आहे. खैरागड येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी स्थापन झाले. केवळ संगीत आणि ललितकला यांना वाहिलेले हे विद्यापीठ. खैरागडच्या राजघराण्याने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ आपला राजवाडाच त्याला दिला. त्या दिवशी बुलढाणा आणि खैरागड एकाच राज्यात, म्हणजे जुन्या मध्यप्रदेशात होते. पुढे अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. खैरागड आज छत्तीसगडात आहे. आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे राहिली आणि १९८३ साली अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ निघाल्यावर तिकडे गेली. आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि बुलढाणा हे पाच जिल्हे येतात. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून बी.ए. करणाऱ्याला पदवी मिळते ती या विद्यापीठाची, आणि अटीही त्याच्याच.

आता या अटींकडे वळू. प्रवेशाला बारावी उत्तीर्ण असणे पुरते. शाखा कोणतीही चालते. पूर्वी आपल्या भागात बी.ए.ला इंग्रजी, एक भारतीय भाषा आणि तीन ऐच्छिक विषय अशी रचना असे. संगीत हा त्या तिहींतला एक. इतर दोन म्हणून कोणी मराठी वाङ्मय आणि इतिहास घेई, कोणी गृहअर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ही रचना बदलली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून नवी रचना लागू झाली आणि तिचे चलन म्हणजे श्रेयांक, ज्याला विद्यार्थी क्रेडिट म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीला एकूण १२० ते १३२ श्रेयांक मिळवावे लागतात, म्हणजे दर सत्राला २० ते २२. चौथे वर्ष केले, तर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. त्या चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग धरावयाचा असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात.

श्रेयांक म्हणजे काय, हे पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. एका सत्रात पंधरा तासांचे व्याख्यान ऐकले आणि त्याची परीक्षा दिली, की एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचा श्रेयांक मात्र तीस तासांचा. गायन-वादनात प्रात्यक्षिकाचा भाग मोठा, म्हणून संगीताच्या विद्यार्थ्याला तितक्याच श्रेयांकांसाठी वर्गात अधिक वेळ बसावे लागते. ‘सोपा विषय’ ही समजूत पहिल्याच सत्रात गळून पडते ती येथे.

या १२०-१३२ श्रेयांकांपैकी मुख्य विषय आणि त्याला जोडलेली कौशल्ये, प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास असतो. उरलेल्या भागात दुसरा दुय्यम विषय, इतर शाखेतला एखादा खुला विषय, भाषा, पर्यावरण आणि मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा यांसारखे उपक्रम येतात. संगीत हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थिनीलाही हे सारे करावेच लागते. संगीतात ती वर्गात पहिली आली आणि इंग्रजीत राहिली, तर पदवीही राहिली. परीक्षा-विभाग तिचा यमन ऐकून इंग्रजी माफ करीत नाही.

संगीताचा जो निम्मा भाग, त्यातली पहिली मागणी प्रत्यक्ष तयारीची. रागांची यादी विद्यापीठागणिक थोडी वेगळी असते. पण यमन, भूप, दुर्गा, काफी, खमाज, भैरव, वृंदावनी सारंग, बागेश्री अशा रागांवरून वाट जाते. आरंभी सरगम, लक्षणगीत आणि छोटा ख्याल. मग आलाप-तानांसह बडा ख्याल. जोडीला तराणा, धृपद, भजन. तालात त्रिताल सोळा मात्रांचा, एकताल बारा, झपताल दहा, रूपक सात, दादरा सहा. नुसता तोंडपाठ ठेका येथे पुरत नाही. हातावर टाळी-खाली दाखवीत तो दुपटीत आणि चौपटीत म्हणावा लागतो. चौतालातले धृपद दुगुन-चौगुनीत मांडून समेवर बिनचूक यावे लागते. बाहेरून आलेला परीक्षक समोर बसतो, दोन स्वर छेडतो आणि विचारतो, हा कोणता राग? तेथे पाठांतराचा इलाज चालत नाही.

दुसरी मागणी शास्त्राची. गोड गळ्याची पुष्कळ मुले याच पायरीवर अडखळतात, म्हणून एका उदाहरणाने ती स्पष्ट करतो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. पेटीवर त्याच पट्ट्या दाबल्या जातात. मग राग दोन कसे? शास्त्र सांगते, की भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत; देशकाराचा वादी धैवत आणि संवादी गंधार. भूपाचे वास्तव्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, देशकाराचे वरच्या अर्ध्यात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भातखंड्यांच्या मांडणीत एक कल्याण थाटात बसतो, दुसरा बिलावल थाटात. ज्या विद्यार्थ्याला हे कळले नाही, तो भूप गाता गाता धैवतावर जास्त रेंगाळतो आणि नकळत देशकारात शिरतो. श्रोत्याला काहीतरी बिघडले एवढे कळते, गाणाऱ्याला तेवढेही कळत नाही. म्हणजे शास्त्र हा प्रात्यक्षिकाला लावलेला कोरडा जोडकागद नव्हे. आपण काय करीत आहोत हे गाणाऱ्याला सांगणारा तो डोळा आहे.

याच शास्त्राच्या पेपरात स्वरलिपी लिहावी लागते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. पलुसकर पद्धतीची चिन्हे निराळी; तीही ओळखीची असावी लागतात. याच पेपरात भरताचे नाट्यशास्त्र येते आणि शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ येतो. हा दुसरा ग्रंथ तर आपल्या शेजारचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तो लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय आहेत. सिंदखेड राजाहून जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर ओलांडले, की देवगिरीचा डोंगर दिसतो. ज्या ग्रंथाला उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या दोन्ही संगीतपद्धती आपला आधार मानतात, तो आपल्याच मुलखात लिहिला गेला, हे संगीताच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे. आणि ठाऊक असणे त्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

तिसरी मागणी संगीताबाहेरच्या शिक्षणाची. येथे पुष्कळ जण विचारतात, की गाणाऱ्याला अर्थशास्त्र आणि पर्यावरण कशाला? हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने जॉन नोल्स पेन यांना संगीताचे प्राध्यापकपद दिले. तेव्हापासून तिकडे हा वाद चालला आणि त्यातून दोन निराळ्या पदव्या रूढ झाल्या. ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ या पदवीत अभ्यासाचा सुमारे दोन तृतीयांश भाग संगीताचा; ती व्यावसायिक कलावंतासाठी. ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ घेणाऱ्याला संगीत साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक. उरलेल्यात साहित्य, विज्ञान, इतिहास, परभाषा. ओबर्लिनसारख्या महाविद्यालयात दोन्ही पदव्या एकत्र घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी पाच वर्षे द्यावी लागतात. आपल्याकडेही हाच भेद आहे. बडोदा किंवा खैरागड येथे संगीताला वाहिलेले स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम आहेत. आपल्या जिल्ह्यातले महाविद्यालय देते ती बी.ए. दोन्ही पदव्या चांगल्या. परंतु आपण कोणती घेत आहोत, हे आधी ठाऊक पाहिजे. एकीकडून दुसरीची अपेक्षा केली, की निराशा ठरलेली.

बाकीच्या विषयांचा उपयोग काय, याचे उत्तर भातखंड्यांच्या चरित्रातच आहे. वकिलीने त्यांना पुरावा तपासण्याची सवय दिली, इंग्रजी आणि संस्कृतने ग्रंथ उघडून दिले. नुसता गळा घेऊन ते निघाले असते, तर हिंदुस्थानी संगीताला आजची मांडणी मिळाली नसती. प्रभा अत्रे यांचे उदाहरण अलीकडचे. त्या विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर होत्या; सरगम या विषयावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. २०२४ साली त्या गेल्या तेव्हा किराणा घराण्याची एक श्रेष्ठ गायिका गेली आणि संगीताविषयी स्वच्छ लिहिणारी लेखिकाही गेली. दुसरी ओळख पहिलीला मारक ठरली नाही, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तर या बाहेरच्या अभ्यासाचा आणखी एक लाभ करून घेता येईल. नव्या रचनेत क्षेत्र-प्रकल्प आणि समाजोपयोगी काम यांना श्रेयांक आहेत. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीबाई अजून आपल्या खेड्यांत आहेत. भारूड, गोंधळ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वळणाची खंजिरी भजने, वारकऱ्यांचा हरिपाठ यांचे सूर शेगावच्या वाटेवर कानी पडतात. हे सारे ध्वनिमुद्रित करावे, स्वरलिपीत उतरवावे, चालींत कोणत्या रागाची छाया आहे ते पाहावे. मराठीच्या विद्यार्थ्याला शब्द कळतील, इतिहासाच्या विद्यार्थ्याला काळ कळेल. परंतु चाल टिपण्याचे काम संगीताच्या विद्यार्थ्याशिवाय कोणाला साधणार? आणि ज्या मुलाने लहानपणापासून दिंडीत पखवाज वाजविला आहे, त्याला तालाच्या पेपरात काय अवघड?

आता राहिली ती चौथी गोष्ट. साधे अंकगणित करून पाहू. प्रात्यक्षिकाचा दोन श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम म्हणजे सत्राला साठ तास. पंधरा आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला चार तास, म्हणजे २४० मिनिटे. वर्गात पंधरा विद्यार्थी असले, तर एकेकाच्या वाट्याला आठवड्यात सोळा मिनिटे आली. आठवड्याला सोळा मिनिटांत, शिक्षक कितीही तळमळीचा असला, तरी गळा तयार होत नाही. उलट घरी रोज एक तास तंबोऱ्याशी बसले, तर त्याच पंधरा आठवड्यांत १०५ तास होतात. गायिका घडते ती या १०५ तासांत, आणि त्यांना विद्यापीठ एकही श्रेयांक देत नाही. म्हणून घरच्यांनी प्रवेश-शुल्काबरोबर आणखी एक गोष्ट द्यावयाची असते, ती म्हणजे रोजचा एक तास. मुलगी सकाळी खर्ज लावीत बसली असता तिला स्वयंपाकघरातून हाक मारावयाची नाही, एवढा नियम घरात पाळला गेला नाही, तर कोणतेही महाविद्यालय तिला तारू शकणार नाही. मुलाचा रियाज ‘छंद’ आणि मुलीचा रियाज ‘रिकामपण’ असे जेथे समजतात, तेथे संगीताची बी.ए. कागदावरच राहते.

अशा तयारीने जो येईल, त्याने प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन चार प्रश्न स्पष्ट विचारावेत. संगीत येथे मुख्य विषय म्हणून पदवीपर्यंत नेता येते, की केवळ दुय्यम किंवा खुला विषय म्हणून आहे? गायन आहे की वादनही? संगीताचे शिक्षक पूर्णवेळ आहेत काय, आणि तबल्याची साथ नियमित मिळते काय? सोबतचा दुय्यम विषय कोणता घेता येईल? उत्तरे माहितीपत्रकातून घ्यावीत, ऐकीव गोष्टींवर राहू नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘दुय्यम’ असे आले, तर पुढे संगीतात एम.ए. करण्याची वाट अवघड होऊ शकते, हे तेव्हाच समजलेले बरे. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्यांनी हजेरीचाही विचार करावा. ७५ टक्के उपस्थितीची अट कागदावर सर्वच विषयांना सारखी असते. पण इतिहासाचे चुकलेले व्याख्यान मित्राच्या वहीतून भरून काढता येते, चुकलेली तालीम वहीत सापडत नाही.

मधेच शिक्षण सोडावे लागले तर काय, हीही चिंता आपल्याकडे खरी आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत. नव्या रचनेत तिच्यावर थोडा उपाय आहे. पहिले वर्ष पुरे करून, ठरवून दिलेले चार जादा श्रेयांक घेऊन थांबले, तर प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षानंतर तसेच थांबले, तर पदविका. मिळविलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत जमा राहतात आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते. लग्न झाले म्हणून संगीत सुटले, असे म्हणणाऱ्या सुनेला सासरच्यांनी ही तरतूद आवर्जून दाखवावी.

शेवटी, पदवी देते काय? ती गवय्याचा शिक्का देत नाही. आकाशवाणीची श्रेणी श्रवण-चाचणीवर मिळते, पदवीवर नव्हे. आपल्या शेजारच्या मूर्तिजापुरास १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पुढे सैन्याच्या हिशेबखात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने महाराष्ट्राला वेड लावले. त्यांचे गाणे गुरूंच्या तालमीतून आणि स्वतःच्या चिंतनातून आले. परंतु जेथे शिकविण्याचे अधिकृत काम आहे, तेथे पदवी हा उंबरठा आहे. महाविद्यालयात संगीत शिकवावयाचे, तर एम.ए.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट यांसारखी पात्रता लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत नामवंत कलावंतासाठी एक निराळी वाट ठेवली होती. नावाजलेल्या गुरूकडे तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी असलेल्याला ती खुली होती. पण त्या वाटेवरही विषयातल्या पदवीची अट होतीच. शाळेत शिक्षक व्हावयाचे, तर बी.एड. आणि शासनाच्या पात्रता परीक्षा यांच्या अटी निराळ्या. अनेक विद्यापीठांत दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला विशारदच्या आधारे संगीताच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. म्हणूनच बी.ए. आणि विशारद यांतली एकच निवडा, असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही बरोबर चालवावीत. एकीने पात्रता येते, दुसरीने तयारी पारखली जाते, आणि दोहींचा अभ्यास बऱ्याच अंशी एकमेकांना पूरक आहे.

याहून महत्त्वाचा लाभ मात्र नोकरीच्या जाहिरातीत दिसणार नाही. आपल्या जिल्ह्यात भजनी मंडळे शेकडो आहेत, गाणारे गळे हजारो आहेत. उणीव आहे ती जाणत्या शिक्षकांची, चाल टिपून ठेवणाऱ्यांची, आणि गाणे ऐकून ते कशामुळे चांगले झाले हे चार माणसांना समजावून सांगणाऱ्यांची. दरसाल पाचदहा मुले-मुली जरी खरी तयारी करून ही पदवी घेऊन निघाली, आणि त्यांतली निम्मी आपापल्या गावी राहिली, तर वीस वर्षांत या जिल्ह्याचा कान बदलेल. त्यासाठी विद्यापीठाने काय करावे, शासनाने काय करावे, याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु मुलीच्या रोजच्या एका तासाची व्यवस्था करण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ती आपल्या घरात, आपल्याच हातात आहे.